राखणदाराची भीती कुणाला वाटते?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

थोडक्यात अर्थ: ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, असा भक्त भगवंतांना प्रिय आहे.

इथे एक शंका येते. कुणाचं रक्षण करायचं तर कुणाला तरी अडवावं लागतं. ज्याला अडवलं त्याला उद्वेग होणारच की! मग राखणदाराला हा श्लोक लागूच नाही का?

एक खरं उदाहरण बघू. ऑस्ट्रेलियात वॉर्नाम्बूल शहराजवळ एक शेतकरी मोकळ्यावर कोंबड्या पाळायचा. कोल्ह्यांपासून त्या वाचाव्यात म्हणून त्याने मरेम्मा कुत्री ठेवली. मूळची इटलीतली, मेंढ्या राखणारी ही पांढरी, दांडगी जात. तिथल्या किनाऱ्यालगत मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे पोचायचे आणि पेंग्विन मारायचे. शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५ पर्यंत दहाच्याही आत आले. २००६ मध्ये कोंबड्यांची हीच युक्ती तिथे वापरली आणि पेंग्विनची संख्या पुन्हा वाढली.

गंमत म्हणजे ही कुत्री कोल्ह्यांची शिकार करत हिंडत नाहीत. त्यांचं असणं, भुंकणं, त्यांचा वास, एवढ्यानेच कोल्हा बहुतेक वेळा लांब राहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल. नको ती रिक्वेस्ट अडवते, पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटर जाळायला जात नाही.

आणि कोल्ह्याचा तरी काय दोष? एकोणिसाव्या शतकात माणसानेच शिकारीच्या हौसेपायी त्याला त्या देशात नेलं. तो पोट भरतोय. त्याला विष घालण्यापेक्षा वेशीवर अडवणं बरं. उद्वेग शून्य होत नाही, पण रक्षणाला लागतो त्याहून जास्त दिला जात नाही. मला वाटतं, श्लोक राखणदाराकडून एवढं नक्की मागतो.

पण खरी परीक्षा कोल्ह्यापाशी नाहीच, ती कोंबडीपाशी आहे. मरेम्माचं पिल्लू जन्मतः राखणदार नसतं. खेळता खेळता तेच कोंबडी मारू शकतं. लहानपणापासून कोंबड्यांच्या सहवासात ठेवून, सतत लक्ष देऊन, साधारण दीड-दोन वर्षांनी ते भरवशाचं होतं. जबडा तोच, ताकद तीच. फक्त ती आवरायला शिकलेली. यालाच आपण संयम म्हणतो ना?

एक अवघड प्रश्न उरतोच. कोल्ह्यापासून वाचवलेली कोंबडी शेवटी मालकाच्याच ताटात जाणार असेल, तर ते अभय की नुसती मालमत्तेची राखण? याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. मात्र हाच प्रश्न आपल्या घरात आणून बघा. "तुझ्या भल्यासाठीच" म्हणत आपण बहिणीचा फोन तपासतो, मुलांवर ओरडतो, टीममधल्या ज्युनिअरला सगळ्यांसमोर झापतो. बाहेरच्या कोल्ह्यापासून वाचवतोय म्हणतो, आणि घरातलं माणूस आपलीच चाहूल लागली की गप्प होतं. मग राखण कसली?

आजचा अभ्यास: आपण ज्यांना "माझी जबाबदारी" म्हणतो, त्यातली एक व्यक्ती आठवा. आपण खोलीत आलो की ती मोकळी होते की आखडते? उत्तर प्रामाणिकपणे स्वतःला द्या, आणि आज तिच्याशी एकदा तरी आवाज न चढवता बोला.

श्रीकृष्णार्पणमस्तु.