सोपं आहे गं

सकाळचे सहा वाजून गेले असतील. चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. "मामा, माझा लॅपटॉप बिघडलाय का?" सोबत स्क्रीनचा फोटो. ती बी.कॉम.ला आहे, पायथन शिकायला लागून तिला आठवडाही झालेला नाही. तिने 0.1 आणि 0.2 यांची बेरीज केली होती आणि उत्तर आलं होतं 0.30000000000000004. तिनानंतर पंधरा शून्यं आणि शेवटी एक आगंतुक चार.

मी झटकन लिहिलं, "सोपं आहे गं, सर्च कर." पाठवता पाठवता थांबलो. सर्च काय करणार ती? 'लॅपटॉपला बेरीज येत नाही'? 'फ्लोटिंग पॉइंट' हा शब्द ज्याला ठाऊक आहे, त्याचं निम्मं काम झालेलंच असतं. नवख्याकडे नेमका तोच नसतो. आणि ते 'सोपं आहे'! आपण धीर द्यायला म्हणतो. पण समोरच्याला कळलं नाही, तर त्याला एवढंच ऐकू येतं की सोपं असूनही तुला जमत नाहीये.

आमच्या उमेदवारीच्या काळात सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर मिळायचं : मॅन्युअल वाच. इंग्रजीत त्याचं चार अक्षरी लघुरूपच होतं, त्यातलं तिसरं अक्षर शिवीचं. उत्तर मॅन्युअलमध्ये असायचंही, खोटं कशाला बोलू! पण एवढ्या जाडजूड बाडातलं कुठलं पान, हे सांगायला कुणाचं काय जात होतं? मी विचारणंच सोडलं. मग एका स्वल्पविरामापायी दोन रात्री जागून काढल्या.

लिहिलेलं खोडलं आणि तिला म्हटलं, "एकाला तिनाने भाग. दशांशात लिही."

"0.33333..."

"कुठे थांबलीस?"

"कंटाळा आला तिथे."

संगणकाचंही तेच होतं. तो सगळं 0 आणि 1 मध्ये लिहितो, आणि त्या लिपीत आपला एवढासा 0.1 संपतच नाही. 53 अंकांपाशी त्याला थांबावं लागतं. तिथे राहिलेली चिमूटभर चूक बेरजेत वर येते. 1985 साली ठरलेल्या आयईईई 754 या मानकाप्रमाणेच हे चालतं. थोडक्यात, लॅपटॉप ठणठणीत आहे.

"आता 0.5 आणि 0.25 मिळवून बघ." मी उत्तर सांगितलं नाही. आलं 0.75, अगदी चोख. का, तेही तिनेच शोधलं : निम्मं आणि निम्म्याचं निम्मं. मग तिला तो शब्द दिला.

दोन मिनिटांत पुन्हा मेसेज. "मग बँकेत हिशेब कसे जुळतात?"

चहा उकळून अर्धा झाला होता. गॅस बंद केला आणि लिहायला बसलो : "रुपये मोजायचेच नाहीत. पैसे मोजायचे, पूर्ण संख्येत."