शून्य श्रेयांकाचा विषय

एखादी गोष्ट सक्तीची असावी आणि तिचे मोल मात्र शून्य असावे, हे सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला फारसे नवलाचे वाटत नाही. आपल्या कचेऱ्यांतूनही अशी परिपत्रके फिरतात. ती वाचून सही करावयाची असते, आणि सही झाली की कागद वाचला गेला असे धरून चालावयाचे असते. परंतु उद्या धरणे, रस्ते व कारखाने उभारणाऱ्या तरुणांच्या शिक्षणातही हाच न्याय लावला जावा, हे विचारात पाडणारे आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकी पदवीसाठी जो नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यात पर्यावरणशास्त्र हा विषय सक्तीचा, पण श्रेयांकरहित म्हणून घातला होता. विद्यार्थी चतुर असतो. आपल्या वडीलधाऱ्यांना कशाचे महत्त्व वाटते, हे तो प्रस्तावनेवरून नव्हे, तर गुणांच्या तक्त्यावरून ओळखतो.

तरीही सारा दोष त्या शून्याच्या माथी मारणे मला न्यायाचे वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत पर्यावरणशिक्षणाला श्रेयांक देऊ केले, हे चांगलेच झाले. पण श्रेयांक आले की मार्गदर्शिका येतात आणि पाठांतर येते. खरी अडचण निराळीच आहे. सोमवारच्या तासाला धरणाचे गणित आणि गुरुवारच्या तासाला धरणाचे परिणाम, अशी वाटणी एकदा झाली की या दोहोंचा परस्परसंबंध नाही, हेच विद्यार्थी नकळत शिकतो.

वस्तुतः अभियांत्रिकीला उद्याची काळजी मुळीच परकी नाही. जलाशयाची आखणी करताना तळाचा काही भाग 'मृत साठा' म्हणून सोडून देतात. नदी पुढील अनेक दशके जो गाळ आणील, त्याच्यासाठी ही जागा आधीच राखलेली असते. ज्या पिढीचा अद्याप जन्मही झालेला नाही, तिच्या पाण्याची तरतूद यात आहे. आणि तिच्यासाठी कोणाला नीतिशास्त्राचा तास घ्यावा लागत नाही. गाळाला गणितात रकाना आहे, म्हणून गाळाचा विचार होतो. कारकुनाला हे समजावून सांगावे लागत नाही: ज्याला तक्त्यात रकाना नाही, ते बेरजेत येत नाही.

आता येथले उदाहरण घ्या. गावाकडून पाहुणा आला की भेडाघाटचा धुवाँधार दाखवून झाल्यावर आम्ही जबलपूरकर त्याला पुष्कळदा बरगीला नेतो. नर्मदेवरील हे धरण १९९० साली पूर्ण झाले. त्याचे बांधकाम शास्त्रशुद्ध नाही, असे कोणी म्हणणार नाही. भिंत उभी आहे, वीज निघते, कालव्यांतून पाणी वाहते. परंतु मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना बुडिताची झळ पोहोचली, आणि त्यांतले कितीतरी शेतकरी पुढे याच शहरात सायकलरिक्षा ओढू लागले. गाळासाठी जागा राखणाऱ्या हिशेबात त्यांच्यासाठी जागा नव्हती. जमीन मोजली गेली, तिचा मोबदला ठरला. जमीन गेल्यावर तो माणूस वीस वर्षांनी कोठे असेल, हे कोणत्या रकान्यात लिहावयाचे? जबलपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे, म्हणजे नागपूर या प्रांताची राजधानी होती त्या काळचे आहे. अशा शहरात तरी बरगी हे पाठ्यक्रमाबाहेरचे उदाहरण ठरू नये.

हा रकाना घालता येतो, हे आपल्याकडेच एका अभियंत्याने दाखवून दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग मांडला. जमिनीच्या प्रमाणात पाणी देण्याची रूढ रीत त्यांनी सोडली आणि घरातील माणसांच्या प्रमाणात ते वाटले: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क दिला, आणि उसाला मज्जाव केला. यात उपदेश कोठे आहे? भागाकारातला भाजक तेवढा बदलला. मला वाटते, विद्यार्थ्याला शिकवावयाचे ते हेच, आणि ते जलसिंचनाच्या तासालाच.

'शाश्वत' हा शब्द मात्र मला या कामी थोडा जड वाटतो. आपल्या परंपरेत तो आत्म्यासाठी राखलेला आहे. सिमेंटला तो शोभत नाही. कापडदुकानातला 'टिकाऊ' बरा. तो निदान लगेच विचारावयास लावतो, की किती दिवस, आणि कोणाला?

यावर कोणी म्हणेल, कनिष्ठ अभियंत्याच्या हाती असते काय? तक्ता वरून आखून येतो, त्याने आकडे भरावयाचे. हे खरे आहे, आणि आपणांपैकी पुष्कळांच्या नोकरीचेही हेच वर्णन आहे. परंतु आकडे भरणाराच वीस वर्षांनी तक्ता आखावयास बसतो, आणि त्या वेळी त्याच्या हाताला जे वळण लागलेले असते, तेच कागदावर उतरते. मोठी अडचण मला परीक्षकाची दिसते. धरणाचे गणित सोडविताना एखाद्या मुलाने लिहिले, की भिंत दोन मीटरने खाली घ्यावी; त्यामुळे सिंचन इतके घटेल आणि गावे इतकी वाचतील; तर त्याला गुण किती द्यावयाचे? आदर्श उत्तराच्या कागदावर तूर्त एकच उंची छापलेली असते.