रविवारची आग, सोमवारचं काम

आजचं वचन : २ करिंथ ४:१६



अकोल्यात किंवा अमरावतीत संजीवन सभा झाल्या की तीन दिवस डोळे कोरडे राहत नाहीत. मग सोमवार येतो. तीच अभ्यासिका, तीच नोकरी, घरात तीच कुरबुर. मनात प्रश्न उठतो : आता काहीच जाणवत नाही, म्हणजे मी ढोंगी आहे का?

वरुड-मोर्शीच्या संत्रा बागाईतदाराला विचारा. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, सगळी बाग घमघमते. पण फळ तोडणीला यायला आठ-नऊ महिने लागतात. मधला उन्हाळा पाणी देण्यातच जातो. फुलोरा खोटा नसतो. तो फक्त फळ नसतो.

आपल्या मराठी मंडळीनेही हे पाहिलंय. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं. मुली पापं कबूल करत, रडत प्रार्थना करत होत्या. मला मात्र पुढची वर्षं जास्त बोलतात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात बाया-मुली एकेक खिळा उचलून ओळी जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई प्रभूमध्ये विसावल्या. ते बायबल प्रसिद्ध झालं १९२४ मध्ये. खिळे जुळवताना रोज कुणाचे डोळे भरून येत असतील? नसतीलच. तरी त्या आगीचं फळ तेच होतं.

कुणी म्हणेल, मन लागत नसताना प्रार्थना करणं म्हणजे नुसतं कर्मकांड नाही का? देवाला हिशेब दाखवायला केली, तर आहेच. पण पौल काय लिहितो बघा. आपला आतला माणूस रोज नवा *केला जातो*. नवं करणारा देव आहे. आपण फक्त रोज त्याच्यासमोर हजर राहायचं.

म्हणून आज मोबाईल उघडण्याआधी एक अध्याय वाचा. ज्याच्याशी अबोला धरलाय, त्याला फोन करा. ऑफिसात खोटं बिल लावू नका. मन भरून येवो वा न येवो.

प्रार्थना : प्रभू, सभेत तू मला हलवलंस. आज या साध्या दिवसातही मला नवं कर. आमेन.