दुकानदाराच्या वहीतलं नाव

पोस्टात रांग लावून रेडिओचं लायसन्स भरलेली माणसं जुहूत अजून पुष्कळ आहेत. सकाळी चौपाटीवर फिरायला येणाऱ्या सत्तरीपुढच्या मंडळींना विचारलं, तर ती पुस्तिका त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच उभी राहते. पासबुकासारखी छोटी, आत मालकाचं नाव, पत्ता, सेटची माहिती. पुढच्या पानांवर वर्षावर्षाची तिकिटं चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचा गोल शिक्का. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०. मुदत चुकली तर वर दंड. रेशनकार्ड आणि भाड्याच्या पावत्या ज्या खणात, त्याच खणात ही पुस्तिका. तपासनीस दाराशी आलाच, तर शोधाशोध नको म्हणून.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि घराघरांच्या छपरांवर अँटेना दिसू लागले. अँटेना चढला की त्या घरात टीव्ही आला हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायचं. संध्याकाळी तिथे ‘छायागीत’ बघायला गर्दी व्हायची. सरकारला मात्र छपराकडे बघत बसायचं कारण नव्हतं, कारण कायद्याने आधीच दुकानदाराच्या हातात वही दिली होती.

हा कायदा म्हणजे १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा. त्यामागची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू केलं. कंपनीची मोठी भिस्त होती लायसन्सच्या पैशावर. लोक कार्यक्रम ऐकायचे, पण लायसन्स काढणाऱ्यांची संख्या काही हजारांपलीकडे सरकेना. १९३०मध्ये कंपनी बुडाली आणि नभोवाणी सरकारने आपल्याकडे घेतली. मग कायदा आला, की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणं हाच गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर २५०. यंत्र तुमच्या ताब्यातल्या जागेत मिळालं, तर ते तुमचंच असं न्यायालयाने गृहीत धरायला हरकत नाही. याच कायद्याने सरकारला नियम करण्याचे अधिकार दिले, त्यांत एक असा होता: यंत्रं विकणाऱ्या दुकानदारांनी कोणतं यंत्र कुठून आणलं आणि पुढे कोणाला दिलं, याच्या नोंदी ठेवायच्या.

म्हणजे दुकानदार माल विकता विकता सरकारचा कारकून झाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. गिऱ्हाईक दुकानात येतं ते विश्वासाने. त्याला रेडिओ हवा असतो आणि दुकानदाराला पैसे. दोघांमधलं नातं तेवढंच असतं. त्यात गल्ल्यामागे न दिसणारा तिसरा माणूस येऊन बसला, की नातं बदलतं.

या तिसऱ्या माणसाची ताकद मुंबईने १९४२मध्ये पाहिली. युद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने सरकारने काढून घेतले होते. तरीही ‘छोडो भारत’च्या त्या दिवसांत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, यंत्र इकडून तिकडे हलवत. त्या वेळी उषाबेन अवघ्या बावीस वर्षांच्या होत्या. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. आतला एक तंत्रज्ञ फुटला होता. पुढच्या खटल्यात आरोपींमध्ये शिकागो रेडिओ या कंपनीचे नानिक मोटवाने हेही होते. यंत्रसामग्रीचा व्यापार करणारे म्हणून तेही पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारला नकोसा आवाज दाबायचा असतो, तेव्हा यंत्र कोणी कोणाला दिलं हा प्रश्न किती जड होतो, ते तिथे दिसलं. नोंदवही वसुलीसाठी उघडली जाते. पण एकदा ती अस्तित्वात आली, की ती कोणत्या दिवशी कोणाच्या हातात असेल हे लिहून घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आपल्याकडे १९८०च्या सुमारास छोट्या रेडिओंचं लायसन्स सुटलं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत उरलेल्या रेडिओंचं आणि टीव्हीचंही गेलं. ब्रिटनमध्ये टीव्हीचं लायसन्स आजही आहे. तिथे १९६७च्या कायद्याने टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांवर खरेदीदाराचं नाव-पत्ता लायसन्स खात्याला कळवण्याची सक्ती केली होती. लंडनला संसार थाटायला गेलेल्या मराठी कुटुंबांनी पहिला टीव्ही घेतला तेव्हा काउंटरवर त्यांनाही पत्ता सांगावा लागला. सक्ती २५ जून २०१३ला उठली. लायसन्स मात्र तसंच चालू राहिलं, म्हणजे दुकानदाराला कारकून न करताही वसुली चालते.

ही सगळी जुनी कथा आज सकाळी मनात घोळते आहे, कारण आता दुकानदाराची वही जुहूत प्रत्येक दुकानात आहे. इर्ल्याच्या बाजारात, जुहू तारा रोडवर, जुहू स्कीम वसाहतीतल्या औषधाच्या दुकानात. तुम्ही मोज्यांचा जोड घ्या किंवा खोकल्याचं औषध, पैसे देण्याआधी पलीकडून आवाज येतो, ‘मोबाइल नंबर?’ पुढे ‘द्याल का’ नसतं, ‘कशासाठी’ तर नसतंच. दहा आकडे बोलायचे, तेही मागे उभ्या असलेल्या चौघांना ऐकू जातील असे मोठ्याने. आकडे दाबले की पडद्यावर तुमचं नाव उमटतं, कधी मागच्या खरेदीची यादीसुद्धा. काउंटरवरच्या मुलीचा यात दोष नाही. नंबर नाही घातला तर पुढचं पान उघडत नाही असं तिला शिकवलेलं असतं, आणि तिच्यामागे रांग खोळंबलेली असते. पण गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही की हा नंबर कोणाकडे जाणार, किती वर्षं राहणार, पुढे कोणाला दिला जाणार.

जुन्या लायसन्सची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही. परक्या सरकारने बनवलेली ती लायसन्सची पद्धत स्वराज्यातही आपण पुढे जवळपास चार दशकं चालवली, आणि गोरगरिबाच्या ट्रान्झिस्टरवरही कर बसवला. पण निदान मागणारा कोण हे त्यात माहीत होतं. का मागतोय, किती मागतोय तेही. आणि पैसे भरल्याचा शिक्का आपल्या हातात राहायचा. आजच्या काउंटरवर यातलं काहीच हाती येत नाही. जे मागतात ते सरकारसाठी मागत नाहीत. हॉटेलवाले परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवतात ती कायद्याने लागते, तिचा हेतू उघड आहे. मोजे विकणाऱ्याला तसा कोणताच कायदा नंबर मागायला सांगत नाही.

माहिती द्यावी, पण कामापुरती, हे आपल्याला नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपलं छोटं पस मॉथ विमान याच जुहूच्या धावपट्टीवर उतरवलं. त्या थैल्यांतल्या प्रत्येक पाकिटावर एक नाव होतं, एक पत्ता होता. तो जगजाहीर होता, कोणीही वाचू शकत होतं, पण वाचायचा तो फक्त पत्र पोहोचवण्यासाठी. टपाल खात्यातल्या माणसाने दुसऱ्याचं पाकीट फोडणं हा गुन्हा होता. पाकिटावरचा पत्ता जसा पोहोचवण्यापुरता, तसाच दुकानात दिलेला नंबर त्या खरेदीपुरता असायला हवा. या एका अपेक्षेपलीकडे माझं काही मागणं नाही.

ही अपेक्षा आता हक्काच्या रूपात आली आहे, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. दावा लावला होता तो कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी. त्या निकालातलं एक मोठं निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, आणि त्यात आणीबाणीतला, १९७६चा, एडीएम जबलपूरचा निकाल चूक ठरवला. तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. घरातला वडीलधारा चुकला असं लिहायला किती बळ लागलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. आणीबाणीत माणसाचा जगण्याचा हक्कही सरकारला काढून घेता येतो असं ज्या न्यायालयाने म्हटलं होतं, तेच न्यायालय चाळीस वर्षांनी म्हणालं, की माणसाच्या माहितीवर त्याचा अधिकार आहे.

मे २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानांना बजावलं, की बिल करताना मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका; नंबर दिला नाही म्हणून माल किंवा सेवा नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य बंधनं अंगवळणी पडण्यासाठी कंपन्यांना दीड वर्ष मिळालं. संमती मोकळेपणाने दिलेली असावी आणि ठरलेल्या कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, असं कायदा म्हणतो. त्यात दिलेलं उदाहरणच बोलकं आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या फोनमधली सगळी नावं-नंबर मागितले आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती फक्त वैद्यकीय सल्ल्यापुरतीच धरायची. सल्ला द्यायला तुमच्या मामा-मावशीचे नंबर लागत नाहीत. शिवाय दिलेली संमती परत घेता येते, तीही दिली तितक्याच सहज. माहिती कशासाठी हवी हे सांगणारी सूचना आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागता येते. म्हणजे मराठीत मागता येते.

जुने दस्तऐवज चाळताना मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो दंडाचा आकडा. १९३३च्या कायद्यात २५० रुपये, यंत्र बाळगणाऱ्या माणसाला. २०२३च्या कायद्यात २५० कोटींपर्यंत, माणसाची माहिती बाळगून ती नीट न जपणाऱ्या कंपनीला. आकडा योगायोगाने तोच, पण नव्वद वर्षांत झडती घेण्याची दिशा उलटी झाली. तेव्हा सामान्य माणसाने सांगायचं होतं की माझ्या घरात काय आहे. आता कंपनीने सांगायचं आहे की तिच्या घरात माझं काय आहे. हा बदल फार मोठा आहे, आणि तो शांतपणे, कोणी पेढे न वाटता झाला.

नव्या कायद्यात एक मोठं खिंडार उघडं राहिलं आहे, हेही सांगायला हवं. सरकार आपल्याच संस्थांना या कायद्याच्या बाहेर ठेवू शकतं. मोजे विकणाऱ्याने वही मिटायची आणि सरकारने आपली उघडीच ठेवायची, हे मला पटत नाही. १९४२मध्ये जी भीती होती तिचं मूळ दुकानात नव्हतं, दुकानाच्या मागे होतं.

या सगळ्याचा सर्वात जास्त त्रास ज्यांना होतो, ती माणसं सकाळी चौपाटीवर चालणारीच आहेत. मुलं दूरदेशी, घरात दोघंच, फोन हाच आधार. दुपारी झोपेत फोन वाजतो: बँकेतून बोलतोय, विमा संपलाय, वीज कापणार आहोत. समोरच्याला त्यांचं नाव ठाऊक असतं, कधी ते कोणत्या गोळ्या घेतात तेही. हे त्याला कुठून कळलं, हे शोधणं जवळपास अशक्य असतं, कारण नंबर इतक्या ठिकाणी दिलेला असतो. माणूस घाबरतो, कोणाला सांगत नाही, आणि आयुष्यभराच्या बचतीला धोका पोहोचतो. म्हणून मला वाटतं, नातवंडांनी आजी-आजोबांना नवा फोन शिकवताना आधी एक छोटं वाक्य शिकवावं. ‘नंबर नाही देत, तसंच बिल करा.’ बहुतेक दुकानांत यावर काउंटरवरची मुलगी क्षणभर थांबते, वर बघते, मग पडद्यावरची ती चौकट रिकामी सोडून पुढचं बटण दाबते. बिल छापून येतं. त्यावर मालाचं नाव असतं, जीएसटी असतो, तारीख असते, आणि परत करायला किंवा बदलून घ्यायला तेवढं पुरतं.