परसातल्या कोंबड्या आणि पहिलं शील



मागच्या महिन्यात वंदना आटोपून चहा घेत असताना तुमच्यापैकी दोघातिघांनी मला हसत विचारलं, "काय सर, कोंबड्या कशा आहेत?" मी "मजेत" म्हणून मोकळा झालो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि थोडं अडचणीचंही आहे. ते आपल्या पहिल्या शीलापाशी येऊन थांबतं, म्हणून इथं लिहितो. वाचून तुम्ही मला चूक ठरवलंत तरी चालेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही मिनेसोटात राहतो आणि घरामागच्या अंगणात कोंबड्या पाळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, घरूनच काम चालू होतं तेव्हा, शेतीसामानाच्या दुकानातून सहा पिल्लं आणली. आमच्या गावच्या नियमाप्रमाणे सहाच ठेवता येतात आणि कोंबडा चालत नाही. तीन प्लायमाउथ रॉक, दोन वायनडॉट आणि एक शांतक्लेर. शांतक्लेर ही जात क्यूबेकमधल्या एका ख्रिस्ती मठातल्या साधूनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. तिचा तुरा इतका लहान असतो की थंडीनं गोठायला फारसं काही उरतच नाही. मठात राहणाऱ्या माणसानं थंडीतल्या कोंबडीचा एवढा विचार करावा, हे मला फार आवडलं.

थंडी म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. २०१९ च्या जानेवारीअखेर मिनियापोलिसला पारा उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. तेव्हा कोंबड्या नव्हत्या, पण त्या रात्रीची आठवण डोक्यात ठेवूनच मी खुराडं बांधलं. एम.टेक.ची सगळी विद्या पणाला लावली. फटी बुजवल्या, भिंतीत थर्माकोल भरला, तापमान आणि आर्द्रतेचे सेन्सर बसवले, मोबाइलवर आलेख दिसेल अशी सोय केली. पहिल्याच डिसेंबरात दोघींच्या तुऱ्यांची टोकं काळी पडली. आलेख नीट पाहिला तेव्हा कळलं की दोष थंडीचा नव्हता, ओलीचा होता. कोंबडीच्या अंगात ४१ अंशांची ऊब असते आणि वर पिसांची रजई असते. कोरडी थंडी ती सोसते. पण तिच्या श्वासाची आणि विष्ठेची वाफ बाहेर पडली नाही, तर तीच तुऱ्यावर बसून गोठते. मग छताखाली झरोके कापले. बसायची दोन बाय चारची फळी रुंद बाजू वर करून ठोकली, म्हणजे पायाची बोटं पिसांखाली झाकून बसता येतं. खाली लाकडाच्या भुशाचा जाड थर घातला. उबेसाठी दिवा लावला नाही, कारण त्यानं खुराडी पेटतात. पाण्याचं भांडं तेवढं विजेवर तापतं. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत आजीनं जन्मभर कोंबड्या डाल्याखाली झाकल्या, तिला कधी सेन्सर लागला नाही. डाल्याला भोकं असतात, हे मला चाळिशीत कळलं.

आता मुद्द्यावर येतो.

त्या सहा पिल्लांपैकी एक ऑगस्टमध्ये आरवायला लागलं. पिल्लांतले नर-मादी ओळखण्यात अधूनमधून चूक होते, ती आमच्या वाट्याला आली. लेकीनं त्याचं नाव राजा ठेवलं. कोंबडा ठेवायची परवानगी नव्हती. मी इंटरनेटवर जाहिरात टाकली, 'चांगल्या घरी देणे आहे'. तासाभराच्या अंतरावरून एक माणूस पिकअप घेऊन आला आणि राजाला पोत्यात घालून घेऊन गेला. तो त्याचं काय करणार, हे मी विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही. मनाशी मी एक आधारही शोधून ठेवला होता. जीवक सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना सांगितलंय की, आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला नसेल, ऐकला नसेल, तशी शंकाही नसेल, तर ते मांस घेता येतं. मीही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, आणि शंका येऊ नये म्हणून प्रश्नच विचारला नव्हता.

धम्मबांधवांनो, तो नियम भिक्षापात्रात पडेल ते घेणाऱ्या भिक्खूसाठी आहे. त्याला निवड करता येत नाही. माझ्यासारख्या निवड करून, पैसे मोजून आणणाऱ्या उपासकानं तो वापरणं म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी कायद्यातली पळवाट शोधणं आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. पुढची साडेतीन वर्षं मी ते बाजूला ठेवलं.

राजाच्या निमित्तानं आणखी एक गोष्ट वाचनात आली. दुकानात आपण 'मादी पिल्लू' घेतो तेव्हा तिच्याबरोबर अंड्यातून निघालेल्या नरांचं काय होतं? अंडी देणाऱ्या जातींचे नर अंडी देत नाहीत आणि मांसासाठी परवडत नाहीत, म्हणून मोठ्या उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली. मिनेसोटात तशी बंदी नाही. माझ्या परसात अहिंसेनं बागडणाऱ्या कोंबड्यांमागे त्यांचे न दिसणारे भाऊ आहेत. मी मारले नाहीत, पण पैसे मी दिले.

आणि मग कबरी. ठिपक्याठिपक्यांची प्लायमाउथ रॉक, म्हणून आमच्या मंडळींनी तिला हे नाव दिलं. चौथं वर्ष लागेपर्यंत तिचं अंडं देणं बंदच झालं होतं. २०२५ च्या जानेवारीत तिचं पोट फुगलं. पेंग्विनसारखी उभी राहायची, धाप लागायची, दाणे टिपायची नाही. पक्ष्यांना तपासणारे डॉक्टर इथं थोडे आहेत. एकीकडे नेलं. अंड्याचा बलक पोटात सुटून सूज येते, तो प्रकार होता. त्यांनी पोटातलं पाणी काढलं, पुन्हा भरेल असंही सांगितलं. चौथ्या दिवशी ते भरलं. शुक्रवार संध्याकाळ होती आणि डॉक्टरांची पुढची वेळ सोमवारची होती. बाहेर उणे २६. कपडे धुण्याच्या खोलीत खोक्यात बसून ती चोच उघडी टाकून श्वास घेत होती.

पलीकडच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. आयुष्यभर गाई राखलेला माणूस. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "खोकं माझ्या गॅरेजमध्ये ठेव आणि घरी जा. तुला बघायची गरज नाही." मला केवढं हायसं वाटलं! घरी येऊन बायकोला म्हणालो, "ते करतायत, बरंच झालं. आपले हात कशाला खराब करायचे?"

ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "हे वाक्य कोणत्या वाड्यातलं आहे, आठवतंय ना?"

तुम्हाला आठवत असेलच. आमच्या आजोबांनी तरुणपणी गावातली मेलेली ढोरं ओढली. ज्यांच्या गोठ्यात ती मरायची, ते लोक सोवळ्यात असायचे, जीवदयेच्या गोष्टी करायचे, कीर्तनं ऐकायचे. मरण त्यांच्या घरातलं, पण हात आमचे. नंतर त्याच हातांना विटाळ लागला म्हणून पाणवठा बंद. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मृत जनावरं ओढू नका आणि मृतमांस खाऊ नका असं सांगितलं. ते फक्त स्वच्छतेसाठी नव्हतं. दुसऱ्याचं सोवळं आपल्या हातांवर उभं राहू द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. त्याच आजोबांचा नातू अमेरिकेत स्वतःचं शील कोरडं ठेवायला एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये खोकं ठेवून आला होता.

मी परत गेलो. कसं करतात ते दाखवा म्हणालो. त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून दाखवलं. काही सेकंदांचं काम होतं. पंख नंतरही थोडा वेळ फडफडतात, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, म्हणून मी हात सोडले नाहीत.

आता प्रश्न असा की मी शील मोडलं का? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब अहिंसेबद्दल दोन फरक करतात. एक, तत्त्व आणि नियम यांतला. नियम माणसाला बांधतो, तत्त्व त्याला विचार करायला मोकळं ठेवतं. दुसरा, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला. आपल्यातले अनेक जण हे दुसरं वाक्य परवान्यासारखं खिशात ठेवतात. मीही ठेवत होतो. पण त्या रात्री झोप आली नाही तेव्हा लक्षात आलं की 'गरज' हा शब्द ज्याला सोयीचा, तोच उच्चारतो. कबरी दिवसाआड अंडं देत असती, तर मी सोमवारपर्यंत थांबलो नसतो का? शनिवारी शहरातल्या इमर्जन्सी दवाखान्यात पैसे ओतले नसते का? तिला होणारा त्रास खरा होता, हे मला माहीत आहे. पण माझ्या निर्णयात तिच्या बंद पडलेल्या अंड्यांचा वाटा किती होता, हे मी अजून स्वतःलाच सांगू शकलेलो नाही. चित्त तपासायला बसलो की दर वेळी वेगळं उत्तर येतं.

एका ज्येष्ठ उपासकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मग पाळताच कशाला? आणि अंडी-मांस सोडून द्या, प्रश्न मिटला." त्यांचा आदर राखून सांगतो, मला ते पटलं नाही. शाकाहारी होणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, करुणेतून झाला असाल तर तुम्ही माझ्या पुढे आहात. पण आपल्या देशात ताटावरून माणसाची पायरी ठरवली गेली. भाड्यानं खोली मागताना मला पुण्यात 'काय खाता?' हे आधी विचारलं गेलं होतं आणि नाव नंतर. आणि दुधातून तरी सुटका कुठे आहे? गोऱ्हा झाला की तो कुठे जातो, हे डेअरीत कोण विचारतं? पानातून पदार्थ काढला म्हणून हात धुतले जात नाहीत.

पाळू नका, याचंही तसंच. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याच्या जोडीला एक शब्द आहे, लालनपालन. मी लहानपणापासून तो म्हणत आलो, पण तिथं कधी थांबलो नव्हतो. दया लांबून करता येते. लालनपालनाला पहाटे साडेपाचला बूट चढवून बर्फातून जावं लागतं, भांड्यातला बर्फ फोडावा लागतो, विष्ठा खरवडावी लागते. आणि ज्याला वाढवलं, त्याच्या म्हातारपणाचा हिशोबही त्याच शब्दात येतो. तो दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये ठेवता येत नाही, असं मला आज वाटतं. परसातल्या कोंबड्यांपुरतं बोलतोय. याच न्यायानं आईवडिलांकडे पाहिलं तर आपण परदेशात राहणारे सगळेच अडचणीत येतो, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

जानेवारीत इथली जमीन दगडासारखी असते, कुदळ आत जात नाही. कबरीला खोक्यात ठेवून ते खोकं शेडमध्ये ठेवलं. एप्रिलच्या मध्याला माती सुटली, तेव्हा कुंपणाजवळ खड्डा खणला. व्हिडिओ कॉलवर अण्णा बघत होते. म्हणाले, "अजून खोल जा, कोल्हा उकरंल." मी कमरेइतका खणला. लेकीनं मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, काय ते विचारलं नाही. त्याच आठवड्यात शेतीसामानाच्या दुकानात नवी पिल्लं आली होती. दिव्याखाली चिवचिवाट चालू होता. आम्ही खाद्याचं पोतं घेतलं आणि बाहेर आलो.

आता चौघी उरल्यात, सगळ्या म्हाताऱ्या. डिसेंबरात इथं दिवस पावणेनऊ तासांचा असतो. कोंबडीला अंड्यासाठी साधारण चौदा तास उजेड लागतो. लोक पहाटे खुराड्यात दिवा लावतात, आम्ही लावत नाही. त्यामुळे हिवाळाभर एकही अंडं नाही, आणि चार कोंबड्या पाळून आम्ही अंडी दुकानातून आणतो. परवा खोकं उचलताना लेकीनं विचारलं, "यांचे भाऊ?" मी तिला सगळं सांगितलं, तिथंच, त्या थंड कपाटासमोर उभं राहून. तिनं ऐकून घेतलं. मग ते खोकं आम्ही ट्रॉलीत ठेवलं.