देवाला ऐकू येतं, शेकरूलाही

भीमाशंकर हे ज्योतिर्लिंग आहे आणि 1985 सालापासून अभयारण्यही. श्रावणात घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, हॉर्न वाजतात आणि त्याच झाडीत शेकरू घरटी बांधून राहतात. देव आधी की जंगल, हा वाद इथे फोल आहे, कारण देव जंगलातच बसला आहे.

तुकोबा भंडारा डोंगरावर जात ते गावचा कोलाहल टाळायला. पण तिथे नीरवता नव्हती. वारा होता, पाखरं होती. रानातली शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हेच. दूरचा बारीक आवाजही कानी पडावा, इतकी मोकळी जागा. तीच हिरावली की पक्ष्यांनाही सूर बदलावा लागतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी अधिक वरच्या पट्टीत गातात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं.

चेन्नईतल्या एका चर्चच्या ध्वनिवर्धकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असं कुठलाच धर्म सांगत नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा 50, रात्री 40 डेसिबल ठरवली. त्यात नावं मात्र रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांची. म्हणजे माणसांचीच! पण 'इतर' कोण? सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या वारकऱ्याला तरी त्यातून शेकरू वगळता येणार नाही. भीमाशंकरच्या वाटेवर हॉर्न दाबणाऱ्या भाविकाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो आपला दर्शनाच्या घाईत असतो.