घोड्याचे चिलखत

एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने आपल्या ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या संगणकीय खेळातील घोड्यासाठी चिलखत विकावयास काढले. किंमत अडीच डॉलर. ज्याने आधीच पुरते पैसे मोजून खेळ घेतला होता, त्यानेच हे वर द्यावयाचे! लोकांनी या चिलखताची मनसोक्त टवाळी केली आणि पुष्कळांनी ते विकतही घेतले. मनुष्यस्वभावातील ही गंमत व्यापाऱ्यांनी बरोबर हेरली. आज मुलांच्या हातातील कित्येक खेळ फुकट मिळतात आणि त्यांचा सारा संसार अशा किरकोळ विक्रीवरच चालतो.

तेव्हा ही खरेदी करावी की करू नये?

‘जी वस्तू हाताला लागत नाही तिला पैसे कसले?’ असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. मला हा आक्षेप पटत नाही. नाटकाचे तिकीट काढून तरी आपण घरी काय घेऊन येतो? आनंद काही पिशवीत भरून आणता येत नाही. ‘पण तिचा उपयोग काय?’ हा दुसरा आक्षेप. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यासाठी बाजारातून मावळे आणतात. त्या मावळ्यांचा तरी उपयोग काय? पण ते तटावर उभे राहिले की किल्ला जिवंत होतो. घोड्याचे चिलखत हा असाच एक मावळा. आवडला तर ऐपत पाहून खुशाल घ्यावा.

परंतु अलीकडे बाजारात तयार किल्लेही मिळतात. माती कालवायला नको, ढासळलेला बुरूज पुन्हा रचायला नको. मग उरले काय? खेळांतही याच जातीचा माल विकतात: पैसे भरा आणि चढ न चढता वरच्या पायरीवर जाऊन बसा. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात खेळाचे मर्म सांगितले आहे. अनावश्यक अडथळे आपण होऊन पत्करायचे आणि ते ओलांडू पाहायचे, हाच खेळ. अडथळाच पैसे देऊन दूर केला तर खेळायचे काय? शिवाय पुष्कळदा तो चढ मुद्दामच रटाळ केलेला असतो. आधी खड्डा खणायचा आणि मग फळी भाड्याने द्यायची, त्यातला प्रकार.

बंद पेट्यांची तऱ्हा तर याहून वाईट. आत काय निघेल ते पैसे भरल्यावर कळते. हा खेळ नव्हे, सोडत! बेल्जियममधील नियामकांनी २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवले, ते योग्य झाले.

कोणी म्हणेल, आपण मोठी माणसे सुटका विकत घेतच असतो. घेतो खरे. दळण गिरणीत गेले आणि जाते कोपऱ्यात पडले, याचे दुःख कोणी करू नये. पण जाते ओढणे हे कष्ट होते. किल्ला करणे हे कष्ट नव्हेत. कष्टांतून सुटका अवश्य विकत घ्यावी, आनंदातून घेऊ नये.

म्हणून मुलाने पैसे मागितले तर लगेच ‘नाही’ म्हणू नये आणि लगेच देऊही नयेत. त्याला एवढेच विचारावे, ‘बाळ, यातून तुला खेळायला काही नवे मिळणार आहे, की खेळण्यातूनच सुटायचे आहे?’ मुले या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देतात, असा माझा शाळेतील अनुभव आहे. आपल्याला मात्र ते कधी कधी जड जाते.